कड्यांखालची रेघ

"ओ मॅडम… खोका आत घ्या जरा, नायतर माझा डोळा जाईल!"

खांदेश्वरच्या सिग्नलला नमिताने दचकून मान वळवली. पुठ्ठ्याचा भलामोठा खोका तिच्या मांडीवर आडवा होता आणि रिक्षाच्या बाहेर चांगला हातभर आला होता. त्याच्या टोकाशी एक माणूस सायकलवर, एक पाय रस्त्यावर टेकून उभा होता. भुरभुर पाऊस चालू होता. भुवयांवरून पाणी ओघळत होतं, तरी गडी हसत होता.

"सॉरी हं…" ती ओशाळून म्हणाली.

"सॉरी ऱ्हाऊ द्या. सायकलची फ्रेम हाय ना? कार्बनची? चायनावरनं मागवली?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"एवढा मोठा खोका, आनि तुमी एका हातानं धरलाय. आत एकतर हवा हाय, नायतर कार्बन!"

ती हसली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून आपण कुणाशी बोललोच नाही. आज रविवार होता. मघाशी खोका सोडवताना कुरिअरच्या ऑफिसातल्या माणसाला "ओटीपी घ्या" म्हटलं होतं, पण त्याला बोलणं म्हणायचं का?

सिग्नल सुटला. "जोडनार कोन?" तो मागून ओरडला.

"अजून ठरवलं नाही!"

"नावडे! नाक्यावर माझा गाळा, कुंदनचा! कोनालाबी विचारा!"

आता ही नमिता कोण, तर मूळची कराडची, बत्तीस वर्षांची, न्हावा शेवाला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं बघणारी. दिवसभर कंटेनरांचे कागद, सह्या, शिक्के. संध्याकाळी खांदेश्वरचा वन रूम किचन. रूममेट लग्न करून पुण्याला गेली आणि जाताना कुंडीतला मनीप्लांट ठेवून गेली, तेवढीच सोबत. रविवारी सकाळी पहिला आवाज ऐकू यायचा तो सोसायटीच्या लिफ्टमधल्या बाईचा, "कृपया दरवाजा बंद करा." बाई नम्र होती, पण दुसरं काही बोलायचीच नाही.

सायकलचं वेड तिला कॉलेजपासूनचं. पण फ्रेम मागवण्यामागे खरं कारण निराळंच होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नसतं. चीनमधली विक्रेती लिली रोज मेसेज करायची. "माय डिअर फ्रेंड, कशी आहेस? जेवलीस का?" साइज, रंग, फोर्क, असं करत करत ते बोलणं दीड महिना चाललं. कस्टमसाठी खोक्यावर किंमत कमी लिहू का, असं लिलीनं विचारलं, तेव्हा नमितानं ठणकावलं, खरी तेवढीच लिहायची. पैसे पोचले, खोका निघाला आणि लिली गप्प झाली. "मिळाला गं खोका," असं नमितानं कळवलं, त्यावर नुसता अंगठा आला. बाई त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत बसली होती. वेडेपणाच की हा, दुसरं काय!

पुढच्या रविवारी ती नावड्याला गेली. कुंदनच्या बापाची शेतं कधीच भूसंपादनात गेली होती. आता तिथं तीन मजली घर होतं, वर भाडेकरू, खाली गाळा. भाड्यावर आरामात पाय पसरून बसता आलं असतं, पण याला सायकलींचा नाद. खोक्यावरची खरी किंमत बघून तो कपाळावर हात मारून हसला.

"पूर्न ड्युटी भरलेलं गिऱ्हाईक मी पैल्यांदाच बघतो!"

"कागदावर खोटं मला चालत नाही."

"आनि कागदाच्या बाहेर?" त्यानं विचारलं… डोळ्यांत मिस्कीलपणा घेऊन. नमिता खोक्याची टेप उचकटायला लागली.

फ्रेम काळीभोर होती, टिचकी मारली की टणटणायची. चाकं, ब्रेक, गिअर असं एकेक सामान दोन-तीन आठवड्यांत गोळा झालं. ब्रेकची वायर फ्रेमच्या पोटातून ओवायची होती आणि ते काम एकट्याचं नव्हे. तो पुढून वायर ढकलायचा, ती मागच्या भोकाशी लोहचुंबक धरून बसायची.

"आली?"

"आली… नाही, गेली."

"धरून ठेवा की मॅडम."

"मी धरतेय हो, तीच निसटतेय."

"घाई करू नका. येईल ती… आपल्या पावलानं येईल."

वायरीचं टोक अखेर बाहेर आलं तेव्हा दोघांची डोकी जवळजवळ टेकली होती. त्याच्या शर्टाला ग्रीसचा आणि धुण्याच्या साबणाचा वास होता. नमिता झटकन मागे सरली आणि टूलबॉक्सवर आपटली. लागलं, तरी हातातलं लोहचुंबक सोडलं नाही.

सायकल उभी राहिली. फक्त एक काम उरलं, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची नळी. हँडल बसतं ती नळी नवी असताना लांब असते. स्वाराला सोसेल तेवढी उंची ठरवायची आणि वरचा भाग कापून टाकायचा. तोवर उरलेल्या उंचीवर कड्या चढवून ठेवतात.

"हे कापायचं नाय लगेच," कुंदन म्हणाला. "एकदा कापली की वाढत नाय. महिनाभर चालवा. पाठ दुखली, मान दुखली, तर येत जा. कडी वर-खाली करून बघू."

आणि मग काय? पाठ दुखायला लागली ना! पहिल्या रविवारी पाठ, दुसऱ्या रविवारी मान, तिसऱ्याला मनगट. कागदावर एक अक्षर खोटं न लिहिणारी ही बाई दर रविवारी खांदेश्वरहून नावड्यापर्यंत मस्त वाऱ्यासारखी सायकल हाणत यायची आणि गाळ्याच्या दारात चेहरा पाडून म्हणायची, "अजून जरा दुखतंय हो."

"दुखनारच," तो गंभीरपणे म्हणायचा. "कड्या काढून बघतो. तवर वर जाऊन आयेकडनं च्या घेऊन या."

वर त्याची आई पुतळाबाई. गावच्या लग्नांत धवले गाणारी धवलारीण, पंचक्रोशीत मान असलेली बाई. "बस गो पोरी," ती म्हणायची. "आख्ख्या गावाची लग्नं लावली मी, आनि हा माजा सोन्या कड्या मोजत बसलाय." नमिता चहात तोंड घालायची. खाली येईपर्यंत कड्या परत चढवलेल्या असायच्या, एखादी वरची खाली झालेली.

महिना झाला, दोन झाले. दिवाळी झाली. रविवारचे दोन तास सोडले तर आठवडा होता तसाच होता, उलट आता जास्तच रिकामा वाटायचा. आधी तिला एकटेपणाची सवय तरी होती. आता तो मोजता येत होता, सोमवारपासून शनिवारपर्यंत.

आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी मोबाइल वाजला. लिली! "माय डिअर फ्रेंड, कशी आहेस? जेवलीस का? चाकांवर सूट आहे." तेच शब्द, अगदी त्याच क्रमानं.

नमितानं मेसेज पुन्हा वाचला. ती ओट्याला टेकून उभी राहिली. अगं, हे सगळ्यांनाच जातं! आणि तो? तोही सगळ्यांनाच हसून बोलतो. चहा तर पंक्चर काढायला आलेल्यालाही विचारतो. आपण गिऱ्हाईक आहोत बाई, नीट वागवलेलं गिऱ्हाईक. लिलीच्या अंगठ्यानं एकदा शहाणं केलं होतं, तरी पुन्हा तिथंच जाऊन उभी राहिलीस! त्या रात्री तिनं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती गाळ्यात शिरली ती हेल्मेट न काढताच.

"नळी कापून टाका."

कुंदनचा हात थांबला. "…पाठ?"

"बरी आहे."

"मान?"

"सगळं बरं आहे. कापा, म्हणजे सारखं यायला नको."

त्यानं सायकल स्टँडवर चढवली, पाना घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. "तवर वर जाऊन च्या…"

"काकू घरी आहेत?"

"नाय," त्याला आठवलं. "हळदीला गेलीय. शेजारच्या गावात."

"मग मी इथंच थांबते."

"बाहेर बसा ना, ऊन छान पडलंय…"

"इथंच."

त्याचे कान लाल झालेले तिला दिसले. हळूहळू त्यानं वरची टोपी सोडवली. एक कडी निघाली, दुसरी निघाली, तिसरी निघाली. काळ्या नळीवर पांढऱ्या पेनानं ओढलेली एक रेघ होती. रेघेशेजारी बारीक अक्षरात तारीख. २१/९.

नमिता वाकली. तारीख वाचणं हा तिचा धंदाच होता.

"ही कसली रेघ?"

"…कापायची."

"आणि तारीख?"

"माप घेतलं त्या दिवशीची. माझी सवय हाय, प्रत्येक फ्रेमवर टाकतो."

"म्हणजे पहिल्याच दिवशी माप बरोबर होतं?"

"सूतभर बी फरक नव्हता."

"मग अकरा आठवडे तुम्ही काय करत होतात?"

"कड्या काढत होतो, रेघ बघत होतो, परत चढवत होतो." त्यानं मान खाली घातली. "नळी कापली की तुमी कशाला येताय नावड्याला? सकाळी ऊठ, दुकान उघड, रात्री वर जा, झोप… एवढंच हाय माझं. मला बी रविवारच हाय फक्त."

बाहेरून एक ट्रक धडधडत गेला. नमितानं हेल्मेटचा पट्टा सोडायला घेतला, पण तो सुटेचना.

"माझी पाठ…" ती म्हणाली, "कधीच दुखली नाही."

"म्हाईत हाय."

"काय!"

"पाठ दुखनारा मानूस सायकलवरनं असा उडी मारून उतरतो काय?"

"आणि तुम्ही ऐकून घेत होतात? अकरा आठवडे? लबाड कुठले!"

"आनि कागदावर खोटं चालत नाय म्हननारी कोन?" पुढे होऊन त्यानं अडकलेला पट्टा सोडवला. त्याची बोटं तिच्या हनुवटीशी गरजेपेक्षा थोडी जास्त रेंगाळली. "नमिता… कापू काय?"

पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं होतं. तिनं करवतीकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. भीती वाटली, खोटं कशाला सांगा. निमित्त संपत होतं.

"काप," ती म्हणाली.

नळी बरोबर रेघेवर कापली गेली. खाली पडलेला तुकडा त्यानं घासून गुळगुळीत केला आणि तिच्या तळहातावर ठेवला. अंगठीसाठी मोठा होता, बांगडीसाठी लहान. तिनं मूठ मिटून घेतली.

पुढचा रविवार उजाडला. लिफ्टमधली बाई म्हणाली, "कृपया दरवाजा बंद करा." "करते गं बाई," नमिता म्हणाली आणि सायकल काढली.

कुंदन गाळ्याच्या पायरीवर बसला होता. शटर पूर्ण उघडलंही नव्हतं. तिला बघून उठला.

"काय झालं? पाठ?"

"नाही."

"ब्रेक? गिअर?"

"काही झालं नाही."

"मग?"

"मग काय," नमिता म्हणाली, "आले."