डाव्या पायाची जागा

माझ्या टेबलावर येणाऱ्या पेट्या तळहाताएवढ्या असतात. क्लच नसलेल्या गाडीत गिअर कधी बदलायचा, हे अशी एक पेटी ठरवते. चाकं किती वेगाने फिरतायत, इंजिन किती दमलंय, चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटर किती दाबलाय, हे ती क्षणाक्षणाला विचारत असते. गणित जमलं की एका बारक्या विजेच्या व्हॉल्व्हला इशारा करते. व्हॉल्व्ह टक् करून उघडतो, तेल धावतं, आतल्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात आणि गिअर पडतो. पेटीला डोळे नाहीत, कान नाहीत. तारेतून येईल तेवढंच तिला कळतं. एकोणीस वर्षं मी या पेट्या उघडते, पुसते, सुटलेले सांधे डागते. त्यांच्यात गूढ असं काही नसतं, हे मी शपथेवर सांगितलं असतं.

बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा पाय मांडीपासून काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आता क्लचचं काय करायचं?"

म्हणून ही क्लच नसलेली गाडी घेतली. रोज सकाळी आई त्यांच्या पँटचा डावा पाय दुमडून पिना लावते, कुबड्या मागच्या सीटवर ठेवते, उजव्या पायात बूट चढवते. बूट जोडीनेच मिळतात. डावा कोरा करकरीत खोक्यात राहतो, आत कागदाचा बोळा भरून, मांडणीच्या खालच्या फळीवर. मग बाबा एकटेच फेरीला जातात. तलावाला वळसा, टेकडीचा चढ, वरचं मोठं वळण आणि परत. त्या तासाभरात त्यांना कुणाच्या खांद्याची गरज लागत नाही. परत येतात तेव्हा त्यांचा आवाज पूर्वीसारखा मोठा असतो. आई म्हणते, "आले बघ, आख्खी बस घेऊन."

परवान्याच्या तपासणीत तपासनिसाने बाबांच्या शेजारी बसून चक्कर मारली आणि कागदावर लिहिलं : दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी घसरते, धक्का देते. आठ दिवसांत दुरुस्त करून आणा, नाहीतर परवाना बंद.

"मेकॅनिकबाई," बाबा मला म्हणाले, "इज्जतीचा प्रश्न आहे हं."

मी लॅपटॉप जोडून त्यांच्या शेजारी बसले. तलावापर्यंत सगळं ठीक. चढ लागला. बाबांची डावी मांडी, जेवढी उरली आहे तेवढी, किंचित उचलली गेली आणि खाली दबली.

टक्. दुसरा पडला.

पुढे सपाटी आली. मांडी दबली. टक्. तिसरा. आणि एक ओढाळ, घसरता धक्का.

"बाबा, हे काय करताय?"

"क्लच दाबतोय."

"या गाडीला क्लच नाही."

"मला माहीत आहे गं. पायाला कोण सांगणार?"

मी हसले. कारण मला सोपं उत्तर सापडलं होतं. माणूस गिअर बदलायच्या बेतात असला की उजवा पाय आपोआप सैल पडतो. तेवढ्यावरून पेटीला इशारा मिळत असणार. घरी येऊन मी नोंदी उघडल्या. उजव्या पायाची रेघ सरळ होती, दोरीने आखल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर मी एकटीने गाडी चालवली. धक्का नाही, घसरण नाही. गाईसारखी गरीब गाडी.

मी तारा तपासल्या, तेल बदललं. बाबा बसले की धक्का, मी बसले की काही नाही. पाचव्या दिवशी मी विचार करणं सोडलं आणि नवी पेटी बसवली.

बाबा फेरीला गेले आणि वीस मिनिटांत परतले. मी खिडकीतून पाहत होते. गाडी लोण्यासारखी आली, लोण्यासारखी थांबली. बाबा मात्र उतरेनात. मी दार उघडलं.

"गाडी फार छान झाली," ते म्हणाले. दोन्ही हात चाकावरच होते. "पाय गेला गं माझा."

दवाखान्यात ते रडले नव्हते.

त्यानंतर ते फेरीला गेले नाहीत. आईने पिना लावल्या, कुबड्या आणल्या. ते म्हणाले, "उद्या बघू." मुदत संपायला दोनच दिवस उरले होते.

जुनी पेटी मी दुकानात नेली होती. टाकून देण्याआधी शेवटची तपासावी म्हणून टेबलावर जोडली. आमच्याकडे एका लाकडी फळीवर खरे व्हॉल्व्ह बसवलेले आहेत. खोटा वेग द्यायला एक बटण असतं. ते फिरवलं की पेटीला वाटतं गाडी चालली आहे. बटण शून्यावर होतं. भर दुपार होती, बाहेर कुणीतरी टायर बडवत होतं. मी जेवणाचा डबा उघडला.

टक्.

मी बटण पाहिलं. शून्य.

थोड्या वेळाने पुन्हा टक्. पहिल्याचा व्हॉल्व्ह, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. मग परत दुसरा. घाईगडबडीने नाही. रस्ता पाहून चालल्यासारखं.

का कोण जाणे, मी घरी फोन लावला.

"खिडकीशी बसलेत," आई म्हणाली. "डोळे मिटून. थांब, देते."

"बाबा, काय करताय?"

"काय करणार? बसलोय." मग म्हणाले, "मनातल्या मनात फेरी मारतोय. हसू नकोस."

"कुठवर आलात?"

"सगळी फेरी झाली एकदा. दुसऱ्यांदा निघालोय. तलाव मागे पडला. चढ लागतोय. थांब हं, दुसरा टाकतो."

टक्.

"बोल आता."

माझा घास हातातच होता.

"पुढे काय आहे, बाबा?"

"सपाटी. मग मोठं वळण. तिसरा टाकतो."

टक्.

लॅपटॉपच्या पडद्यावर व्हॉल्व्हची रेघ थरथरू लागली. गाडीत असत्या तर चकत्या पुरत्या धरल्या नसत्या, घसरल्या असत्या. हीच रेघ मी पाच दिवस पाहिली होती. आत्ता ओळखली.

मी अठरा वर्षांची होते. बाबा शेजारी बसून गाडी शिकवत होते आणि रस्ताभर ओरडत होते, "क्लचवरचा पाय काढ! दाबायचा आणि सोडायचा. अर्धवट ठेवलास की चकत्या घासतात!"

"बाबा," मी हळूच म्हणाले, "क्लचवर पाय ठेवून चालवताय तुम्ही."



"सवय गं," बाबा म्हणाले. चोरी पकडल्यासारखा आवाज होता. "शेवटची दोन-तीन वर्षं फार ठणकायचा. सारखा उचलवायचा नाही. मग ठेवायचो तसाच."

"मला किती ओरडायचात."

"ओरडायचोच."

"मग काढा की आता. बाजूला ठेवा. मोकळा."

एक लांब श्वास ऐकू आला.

थरथर थांबली. रेघ सरळ झाली.

"ठेवला," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी मी जुनी पेटी गाडीत परत बसवली. दोन दिवसांनी तपासनीस बाबांच्या शेजारी बसले, मी मागे, कुबड्यांच्या बाजूला. चढ गेला, सपाटी गेली, वळण गेलं. दर वेळी मांडी दबली आणि सुटली, दबली आणि सुटली. धक्का एकही नाही.

"छान काम झालंय," तपासनीस सही करत म्हणाले. "काय बदललंत?"

"सवय," मी म्हणाले.

बाबा आरशातून माझ्याकडे पाहून हसले. आता ते रोज जातात. आवाज पुन्हा मोठा झालाय, आख्खी बस घेऊन येतात.

परवा आईबरोबर मांडणी आवरायला बसले. खालच्या फळीवरचं खोकं जड लागलं म्हणून उघडलं. डावा बूट, कधीच न घातलेला. मी तो उलटा केला. अंगठ्याखालचा तळ झिजून गुळगुळीत झाला होता, रुपयाएवढ्या गोलात. बसवाल्यांचा डावा बूट तिथेच झिजतो, लहानपणापासून पाहत आले आहे. आतला कागदाचा बोळा चेपून चपटा झाला होता.

मी आईकडे पाहिलं. तिने बूट माझ्या हातून घेतला, कागद काढून टाकला आणि लेस दोन भोकं सैल केली.

"संध्याकाळी सुजतो त्यांचा तो पाय," ती म्हणाली.