बिनझाकणाची बरणी

शिपाईगडी बांधावर गुडघे टेकून, दोन्ही हात बाजरीच्या धाटांत घालून, श्वास रोखून बसला होता… आणि डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन चांगुणा नेमकी त्याच बांधाने येत होती.

वाट एकच, आणि ती त्याने अडवलेली. पहाटे पाऊस शिंपडून गेला होता, त्यामुळे बांध निसरडा. याला काही चावलं, की हा काही पुरतोय? दुसऱ्या माणसाच्या मनात आधी चावल्याचा विचार आला असता. चांगुणाच्या मनात पुरल्याचा आला.

“काय पुरताय?”

त्याने झडप घातली, मूठ मिटली आणि मग वर पाहिलं. मुठीतून दोन हिरवे पाय वळवळत होते.

“पुरत न्हाई, धरतोय.” नाकतोडा तांब्यात टाकून त्याने वर फडकं आवळलं.

“लष्करात हेच शिकवलं व्हय?”

“गप बसून वाट बघायला शिकवलं. ते इथं कामाला येतंय.”

“आन् खानार कोन हे?”

त्याने कान खाजवला. “हाय… एकजन.”

मग तो उठला आणि तिला वाट द्यायला खुशाल चिखलात उतरला, पार घोट्यापर्यंत. ती पुढे गेली. जरा अंतरावर जाऊन तिने मागे वळून पाहिलं, तर तो अजून चिखलातच उभा, आणि बघत होता. तिने चटकन मान फिरवली. पाटीखाली हसू लपवणं सोपं असतं. मनातला संशय मात्र तसाच राहिला.

गहिनीनाथ त्याचं नाव. ब्रह्मदेशातली लढाई संपली आणि तो सुटून घरी आला, तर घरात कोणीच नव्हतं. तो तिकडे असतानाच आई गेली होती. घर उघडं, कारण शिंगणापुरात कुठल्याच घराला दार नसतं. शनिदेव राखणीला असताना कडी-कुलूप कशाला? चौकटीवर फार तर एखादा पडदा, कुत्रं येऊ नये म्हणून एखादी फळी. आत शिरताना बाहेर खाकरायचं, एवढाच रिवाज.

चांगुणाला हे काही पचत नव्हतं. ती शेवगावची, कडीकोयंड्याच्या घरातली. पण वडील गेले आणि चुलत्यांनी त्याच घराला आतून कडी घालून घेतली. मायलेकी ओसरीवर उभ्या राहिल्या. हाताला लागली ती एक ट्रंक आणि एक चिनी मातीची हातभर उंच बरणी. बरणी चांगुणाच्या रुखवतात मांडायची म्हणून आईने, झुंबरबाईने, जपलेली. तेवढं घेऊन दोघी शिंगणापूरला मामाकडे, आबासाहेबांकडे आल्या. ज्याने आपल्याच माणसांना कडी लावताना पाहिलं, त्याला बिनदाराच्या घरात झोप कशी यावी? चांगुणा दिवसभर लोकांच्या हातांकडे बघायची. ट्रंकेला तर तिने मामांना न सांगता सुतळीची गाठ मारून ठेवली होती.

आणि आता हा गडी. नाकतोडे कोणासाठी धरतो, ते सांगत नाही.

झुंबरबाईने एकदा वाटीभर आमटी देऊन तिला त्याच्याकडे पाठवलं. एकट्या माणसाने काय रांधायचं, म्हणून. चांगुणा चौकटीपाशी पोचली, खाकरणार… तोच आतून आवाज आला. मऊ, लाडीगोडीचा.

“खा की गं थोडं… कालपासनं तोंड फिरवून बसलीस. रुसलीस व्हय माझ्यावर?”

चांगुणा खाकरायचं विसरली. तिने पडदा सारला. एकच खोली, लपायला कोनाडासुद्धा नाही, आणि आत गहिनीनाथाशिवाय चिटपाखरू नाही. तो एका मडक्यापुढे बसून त्याच्या तोंडावर झाकलेल्या मातीच्या परळावर घाईघाईने सुतळी आवळत होता.

“कुनाशी बोलत हुता?”

“कुनाशी न्हाई.”

“मग रुसलंय कोन?”

“आमटी… लई तिखट दिसतीय.”

“चाखायच्या आधीच कळलं?”

तो हसला. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या, आणि त्या तिला आवडल्या. आवडल्या म्हणूनच ती जास्त चिडली. वाटी आदळून ती तरातरा निघून आली.

गावातही कुजबुज सुरू झाली होती. मडक्यात ब्रह्मदेशातलं सोनं आहे, असं कोणी म्हणे. कोणाला वाटे, लष्करातून पळवलेलं पिस्तूल. एका बाईने तर तिकडच्या कुठल्याशा पोरीची वेणी आत असल्याचं ठासून सांगितलं. सोनं आणि पिस्तूल चांगुणाने सोडून दिलं आणि वेणी तेवढी मनाशी धरली. त्या तिरीमिरीत तिने बरणी घासायला काढली, तर आत एक विंचू पडलेला. नांगी उगारून तो वर चढायला बघे आणि घसरून पुन्हा तळाशी येई. चढे, घसरे. तिने तो लांब नेऊन उकिरड्यावर उपडा केला आणि विसरून गेली.

त्याच संध्याकाळी मामा पारावरून घरी आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

“झुंबर, गहिनीला आपल्या चांगुणासाठी विचारावं म्हनत हुतो. पोरगा निर्व्यसनी हाय, कष्टाळू हाय. पन आता न्हाई जमायचं.”

“का रं दादा?”

“मडक्याला गाठ मारून बसतो. गाठ म्हंजे कुलूपच की. गावावर भरवसा न्हाई, देवावर न्हाई. पारावर ठरलंय. शनिवारी आमी त्याच्या घरी जानार. त्यानं समद्यांदेखत मडकं उघडं ठेवायचं, न्हाईतर गाव सोडायचं.”

चांगुणा चुलीपुढे बसली होती. मामांनी आपल्याला विचारलंसुद्धा नसतं, थेट ठरवलं असतं… आणि आपण नाही म्हटलं नसतं. हे तिला तेव्हा, त्या क्षणी कळलं. आणि ट्रंकेवरची गाठ आठवून तिचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या चौकटीत जाऊन खाकरली. चांगली मोठ्याने.

“काय हाय त्या मडक्यात, ते मला दावा. वेनी असंल तर वेनी दावा.”

“वेनी?” तो बघतच राहिला. “कुनाची?”

“ते तुमालाच ठावं.”

त्याने सुतळी सोडली, परळ बाजूला केला, ओल्या मातीवरचं फुटकं कौल चिमट्याने उचललं. चांगुणा वाकली आणि दुसऱ्या क्षणी भिंतीला जाऊन टेकली.

घोण! गोमेची थोरली बहीण. वीतभर लांब, विटकरी, दोन्ही अंगांना पिवळ्या पायांची रांग.

“ही… ही रुसली हुती?”

“हीच.”

“मारा तिला. कानात शिरती म्हनत्यात.”

“आलो त्याच दिवशी मारनार हुतो. जात्याखाली हुती. काठी घेतली, जातं सरकवलं, तर तिचेच मागचे पाय चेंगरले. तशीच वळून माझ्याकडं तोंड करून बसली.” तो कौल पुसत राहिला. “चांगुणाबाई, मारायचं लई झालंय माझ्या हातनं. घरी येऊन पुन्यांदा पहिलं काम तेच करायचं?”

ती भिंतीपासून जरा पुढे झाली.

“सोडली तर शिकार जमायची न्हाई तिला. म्हनून माती ओली ठेवतो, कौलाची सावली करतो, चार-आठ दिवसांनी एक नाकतोडा. कात टाकायच्या आधी खात न्हाई, ते मला मागनं उमगलं. गेल्या बारीला कात टाकली, तर पायांचे बारीक कोंब दिसले. आनिक एक-दोनदा टाकली की चालंल नीट. मग सोडीन डोंगराकडं.”

“मग गावाला सांगा की असं.”

“सांगितलं तर आधी चप्पल येईल, मग मानसं. आन् गाठ सोडली, तर रातीत कुनाच्या तरी पोरापाशी जाईल. दोन्हीतनं वाट न्हाई. शनिवारी मीच जातो मडकं घेऊन. जाईन कुठंबी.”

किती सहज म्हणाला. चांगुणाला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

“एका घोनीपायी गाव सोडनार? मागं कोनी…” ती अडखळली. “मागं कोनी र्‍हाईल, त्याचा इचार न्हाई?”

“कोन र्‍हाईल?” त्याने हळूच विचारलं.

ती वळून निघाली. घोणीकडे तिने जाताना एकदा पाहिलं. ती मडक्याच्या खरखरीत कडेने सरसर वर येत होती… गहिनीनाथाने परळ लावला. आणि चांगुणाला तो विंचू आठवला. चढे, घसरे.

शनिवारी सकाळपासून भुरभुर लागलेली. चांगुणाने ट्रंकेवरची गाठ सोडली. घासून आत ठेवलेली बरणी काढली, पदराखाली घेतली, आणि गाठ पुन्हा मारली नाही.

“ही घ्या,” ती चौकटीतूनच म्हणाली. केसांतून पाणी निथळत होतं. “आतनं गुळगुळीत हाय. विंचू चढला न्हाई हिच्यातनं, मी बघितलंय. माती खाली थोडीच घाला.”

त्याने मडकं तिरकं केलं आणि मातीबरोबर घोण बरणीत सोडली, चिमट्याने कौलही आत ठेवलं. दोघं दोन बाजूंनी वाकून बघू लागली. घोण उभी राहिली, पुढच्या पायांनी कड चाचपून बघितली आणि घसरून खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा घसरली. मग कौलाखाली निघून गेली.

“झाकन?”

“आनलं न्हाई. इथं कुनाच्याच घराला दार न्हाई, मग हिलाच कशाला?”

त्याने नजर उचलली, आणि या खेपेला तिने मान फिरवली नाही. “बरनी कुनाची?” असं तो विचारणार, तोच बाहेर खाकरण्याचा आवाज झाला.

आबासाहेब आत आले, मागे चार माणसं. मडकं कोपऱ्यात उपडं, सुतळी जमिनीवर, आणि मधोमध उघडी बरणी. आबासाहेबांनी आत डोकावलं आणि दोन पावलं मागे सरले ते मागच्याच्या पायावर.

“घोन हाय ही!”

“व्हय मामा,” चांगुणा म्हणाली. “गाठ न्हाई, झाकन न्हाई. ती वर येत न्हाई. बघा तुमीच.”

आबासाहेबांनी बराच वेळ पाहिलं. घोण दोनदा घसरली. माणसांपैकी एकजण हसला, मग दुसरा. गहिनीनाथाने पायांचं सगळं सांगितलं, आणि ते ऐकताना कोणी चप्पल काढली नाही.

पण आबासाहेबांची नजर घोणीवरून बरणीवर गेली होती, आणि बरणीवरून भाचीच्या ओल्या पदरावर. भिवया वर चढल्या.

“ही बरनी झुंबरची,” ते म्हणाले. “परत कवा येनार?”

चांगुणाने गहिनीनाथाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. मग खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “रुखवतातली हाय, मामा. ती परत येती व्हय?”

बाहेर भुरभुर चालूच होती. आबासाहेबांनी मुंडासं उगाचच सारखं केलं. “पाऊस वाढायच्या आत निघू,” असं म्हणून ते बाहेर पडले. चौकटीबाहेर त्यांना हसू आवरलं नाही, ते दोघांनाही ऐकू आलं.

गहिनीनाथ बरणीच्या काठावरून बोट फिरवत होता.

“चांगुणा…” पहिल्यांदाच बाई गाळलं त्याने. “तिला काय घालायचं, कवा घालायचं, समदं शिकवीन तुला.”

“नाकतोडे तुमीच धरायचे. मी निस्तं रोज सकाळी उठून बघनार, ती आत हाय का.”

“अजून इस्वास न्हाई व्हय माझ्यावर?”

ती चौकटीपाशी थांबली, पदर पिळला आणि गालात हसली.

“तुमच्यावर हाय. तिच्यावर न्हाई.”