पहिला ठसा

डॉक्टर लोहोकरेंच्या दवाखान्यात वजनकाट्याच्या शेजारी, जिथे पूर्वी उंची मोजायची जिराफाची पट्टी होती, तिथे आता खुंटीला दोन टोप्या टांगलेल्या असत. दिसायला लोकरीच्या, मऊ. आतून मात्र नखाएवढ्या चकत्यांनी भरलेल्या. संगमनेरातल्या आयांना या टोप्यांचं अप्रूप कधीच संपलं होतं. बाहेरच्या बाकावर बसून "तुमचा ठसांक किती आला?" असं एकमेकींना विचारायचं, आपल्या मुलाचा जास्त असला तर "आमचं आपलं नशीब" म्हणून मान खाली घालायची आणि कमी असला तर टोपीच बिघडलीय म्हणायचं, हे सगळं रीतसर सुरू झालं होतं.

शलाका आपल्या जुळ्यांना घेऊन आत गेली. जुन्या नावांची फॅशन फिरून आली होती, त्यामुळे मुलीचं नाव इंदुमती आणि मुलाचं मधुकर. हाक मारायला इंदू आणि मधू. दोघांचं तिसरं नुकतंच सरलं होतं. डॉक्टरांनी दोघांना टोप्या घातल्या आणि मागच्या खेपेला दाखवलेली चित्रं पुन्हा दाखवली. मधू प्रत्येक चित्राला नव्याने खूश झाला. इंदू मात्र तिसऱ्याच चित्राला म्हणाली, "हे बदक मागे पण होतं. तेव्हा माझ्या बुटात खडा होता."

डॉक्टर पडद्याकडे बघून हसल्या. "इंदूबाई पिकल्या. मधूशेठ अजून कच्चे आहेत."

"म्हणजे त्याच्यात काही कमी आहे का?" शलाकाने मधूला जवळ ओढलं.

"अजिबात नाही. लहान मुलांच्या मेंदूत नव्या पेशी इतक्या भराभर जोडल्या जातात की जुन्या आठवणींच्या वाटा मोडून जातात. म्हणून तर आपल्याला आपलं बाळपण आठवत नाही. ही घाई ओसरली की ठसे टिकायला लागतात. कुणाची लवकर ओसरते, कुणाची उशिरा. मधूला अजून सहा-आठ महिने लागतील. इंदूचा ठसांक मात्र साठच्या वर गेलाय." डॉक्टरांनी टोप्या खुंटीला लावल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आता पहिला ठसा कधीही बसेल हं. काय करायचं ते लवकर करा."

हे शेवटचं वाक्य डॉक्टर सगळ्याच आयांना सांगत, आणि त्यानेच सगळ्या घरांची झोप उडवली होती. जन्मभर टिकणारी पहिली आठवण कोणती असावी, हे आता आईबापांच्या हातात आलं होतं, किंवा आलंय असं त्यांना वाटत होतं. आपण काही केलं नाही तर दाराच्या फटीत बोट सापडल्याची, नाहीतर शेजारच्यांचा कुत्रा अंगावर आल्याची आठवण पहिली म्हणून बसायची! आणि याची दुसरी बाजूही होतीच. ठसांक साठच्या खाली आहे तोवर मुलाला घेऊन कुठे जायचं कशाला, असं लोक उघड म्हणू लागले होते. समुद्र दाखवायचा नाही, जत्रेला न्यायचं नाही, वाढदिवससुद्धा पेढ्यावर भागवायचा. नाहीतरी त्यांना आठवणार कुठे आहे?

शलाकाचा धाकटा भाऊ उपेंद्र घाटमाथ्यावरच्या 'नवलाई' या उद्यानात ठसा विभागात तंत्रज्ञ होता. उडत्या होड्या, पाताळाचा बोगदा, बोलणारा हत्ती असं सगळं असलेलं ते भलंमोठं उद्यान. पण त्याचं खरं दुकान चालत होतं ते पहिल्या आठवणीवर. इंदू पिकल्याचं कळताच त्याचा फोन आला.

"ताई, या रविवारी घेऊन ये तिला. मामा इथे असताना भाचीचा पहिला ठसा दुसरीकडे बसला तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"आणि मधू?"

"त्याला आत सोडणार नाहीत गं. कच्ची मुलं कुठेही भोकाड पसरतात, मग दुसऱ्यांचे ठसे बिघडतात. त्यांच्यासाठी दारातच विसावा-घर आहे. खेळणी आहेत, सांभाळायला बायका आहेत. नाहीतर घरी ठेव."

शलाकाचा नवरा निरंजन म्हणाला, मधूला माझ्या आईकडे ठेवू, वर्षभराने त्याला वेगळं नेऊ. बोलणं सरळ होतं. पण या घराची एक रीत होती. जुळी झाली त्या दिवसापासून सगळं निम्मं निम्मं. एक संत्रं आलं तर फोडी मोजून, एक बिस्कीट आलं तर मधोमध मोडून. इंदूला तर ही रीत इतकी अंगवळणी पडली होती की तिला कुणी एकटीला खाऊ दिला तर ती तो हातात धरून मधूला शोधत फिरायची. असल्या मुलांपैकी एकाला घरी ठेवून दुसरीला घेऊन निघायचं, हे शलाकाला जमेना. "निदान दारापर्यंत तरी दोघं बरोबर येऊ देत," ती म्हणाली. तिने दोघांना सारखे पिवळे कपडे घेतले. रोज झोपताना दोघांनाही हत्तीची गोष्ट सांगितली. मधूला जवळ ठेवतोय, त्याला काही तोडत नाहीये, असं तिने स्वतःला समजावलं. एवढी साधी चूक. पण ती प्रेमाने केली होती, म्हणून तेव्हा ती चूक वाटली नाही.

रविवारी गाडीत दोघांनी हत्तीचा आवाज काढून काढून घसा बसवून घेतला.

दारावर उपेंद्र वाट बघत होता. त्याने इंदूला निळी टोपी घातली. मधूने लगेच आपलं डोकं पुढे केलं.

"मामा, मला."

उपेंद्रने शलाकाकडे पाहिलं. विसावा-घराची बाई पुढे आली. हसतमुख होती बिचारी, तिचं रोजचंच काम. "चला मधुकरराव, आपण इकडे जायचं. इकडे पण हत्ती आहे."

"इंदू पण?"

"इंदू नंतर येणार."

मधूला बाकी काही कळलं नसेल, पण 'नंतर' या शब्दाचा अर्थ जगातल्या प्रत्येक मुलाला कळतो. त्याने इंदूच्या झग्याचं टोक घट्ट धरलं. बाईने हळूच बोटं सोडवली, तर त्याने दुसऱ्या हाताने धरलं. मग तो ओरडायला लागला. आधी आईला, मग बाबाला, आणि शेवटी फक्त इंदूला. काचेचं दार लागलं तरी त्याचं तोंड दिसत होतं. आवाज येत नव्हता.

"मी त्याच्याजवळ थांबते," शलाका म्हणाली. "तुम्ही तिघं जा."

"ताई, असं नको करूस. पहिल्या ठशात आई नसेल तर पुढे फार त्रास होतो गं. आम्ही पाहिलंय. आईबाप दोघंही लागतात." उपेंद्रचा आवाज खाली आला. "आणि मधूची काळजी करू नकोस. त्याचा ठसांक चाळीससुद्धा नाही. त्याला यातलं काहीएक आठवणार नाही."

"उद्यापर्यंत विसरेल बघा," दारावरचा रखवालदारही म्हणाला. तोही हसतमुख.

शलाका विसावा-घराच्या आणि उद्यानाच्या, अशा दोन काचेच्या दारांमधे उभी होती. एका मुलाला आत्ता आई हवी होती आणि दुसरीला जन्मभरासाठी. हिशेब असा मांडला की उत्तर एकच येतं, आणि इथे सगळे तिच्यापुढे हिशेब असाच मांडत होते. ती आत गेली. आपण चालतोय की कुणी आपल्याला चालवतंय, हे तिला कळत नव्हतं.

उडत्या होड्या खरोखरच उडत होत्या. बोलणाऱ्या हत्तीने इंदूला तिच्या नावाने हाक मारली, सोंडेने तिच्या हातावर चिक्की ठेवली. निरंजन मुलीपेक्षा जास्त हरखला. इंदू सांगितलं तिथे हसली, बोट दाखवलं तिकडे बघितलं. चिक्की तिने मोडली, निम्मी खाल्ली आणि उरलेली मुठीत धरून ठेवली.

"खा की गं," निरंजन म्हणाला.

"ही मधूची."

शलाकाच्या मनगटावर उद्यानाने एक पट्टा बांधला होता. ठसा बसू लागला की त्यावर हिरवा दिवा लागायचा. बोगद्यात लागला नाही. होडीत लागला नाही. हत्तीजवळ नुसता लुकलुकला आणि विझला. शेजारच्या एका कुटुंबाचा दिवा लागला तर आई-वडील, आजी, दोन काकू अशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शलाका मुलीला म्हणू लागली, "बघ इंदू, केवढं मोठं! नीट बघ हं." आपण असं का बोलतोय याची तिला लाज वाटली, तरी ती बोलत राहिली. जेवणाच्या वेळी निरंजन दारापर्यंत जाऊन आला. रडून रडून मधू झोपला होता.

संध्याकाळी उपेंद्र त्यांना आपल्या खोलीत घेऊन गेला. इंदूच्या टोपीतली सगळी नोंद पडद्यावर उमटली होती. दिवसभराची रेघ जवळजवळ सपाट, आणि अगदी सुरुवातीला एकच सुळका.

"बसलाय की ठसा!" निरंजन म्हणाला. "चांगला उंच आहे."

उपेंद्रने वेळ पाहिली, पुन्हा पाहिली.

"उपेन," शलाकाने विचारलं, "हा पट्ट्यावर का दिसला नाही?"

"पट्टा आत आल्यावर सुरू होतो, ताई. टोपी दारातच सुरू झाली होती."

बाहेर हत्ती कुणाला तरी नावाने हाक मारत होता.

"दारातला आहे?"

"हो. मधूला नेलं तेव्हाचा." उपेंद्र खुर्चीवर टेकला. "खोल आहे. इतका खोल मी इथे कधी पाहिला नाही."

"मग काढ तो. पूस."

"पुसता येत नाही गं. आम्ही फक्त मोजतो. बसायच्या आधी काय वाट्टेल ते करता येतं, बसल्यावर काही नाही."

"अरे, तुझी एवढी यंत्रं..." शलाकाने भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं की याच्या हातात तर आपल्याहूनही कमी आहे. मग तिला रडू आलं आणि तिने ते आवरलंही नाही.

विसावा-घरातून मधू उड्या मारत बाहेर आला. सकाळचं त्याच्या गावीही नव्हतं. बाईने दिलेली कागदाची भिंगरी फिरवत तो गाडीत चढला आणि आपल्या जागेवर बसून गाणं म्हणू लागला. इंदूने मुठीतली चिक्की त्याला दिली. ती घामाने विरघळून चिकट झाली होती. त्याने ती मजेत खाल्ली.

घाट उतरताना निरंजन आरशातून मागे बघून म्हणाला, "पाहिलंस? हा विसरला पण. उगाच जीवाला लावून घेतलंस तू."

शलाकाने मधूच्या तोंडाला लागलेली चिक्की रुमालाने पुसली.

"बाबा, मधू का विसरला?" इंदूने विचारलं.

"लहान आहे ना तो अजून. त्याला आठवत नाही."

"मी पण लहान होते?"

"हो तर. तू पण सगळं विसरायचीस."

इंदूने मान मागे टेकवली. बाहेर डोंगर मागे पडत होते. शलाकाला वाटलं, पेंगली असेल. पण ती तोंड वळवून सरळ आईकडेच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती चौकशी होती.

"आई, मला आठवत नव्हतं ना, तेव्हा तुम्ही मला कुठे ठेवायचात?"

"कुठेच नाही गं राणी," असं म्हणायला शलाकाने तोंड उघडलं. आणि तिला ते दिवस आठवले, जेव्हा दोघं रात्री किंचाळून रडत आणि ती खोलीचं दार बाहेरून लावून स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहायची. रडू देत, सवय लागेल, नाहीतरी आठवणार नाहीये, असं तेव्हा सगळेच सांगत. डॉक्टरही सांगत. आज इंदूच्या मनात त्या रात्रींची कसलीच खूण नव्हती, कुठलीही टोपी ते दाखवणार नव्हती. ते फक्त शलाकाला माहीत होतं.

"सांग ना आई. कुठे?"

मधूची भिंगरी वाऱ्याने गरगरत होती. निरंजनने आरशात पाहिलं आणि लगेच नजर रस्त्याकडे वळवली. लेकीच्या डोक्यात आता जे पडेल ते टिकणार होतं. खरं सांगावं की खोटं, दोन्ही जन्मभर राहणार होतं. मग तिने यातलं काय द्यायचं होतं तिला?