ह्यांचा अर्धा राहिलेला अँप्लिफायर

हाक मारली की पहिल्या हाकेला यायचं नाही, हा आमच्या ह्यांचा जन्माचा दोष. "आलोच" म्हणायचे आणि अर्ध्या तासाने उगवायचे. पस्तीस वर्षं मी चहा दोनदा गरम केला.

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी चौथी शिकलेली बाई, रचून लिहिणं मला जमत नाही. आणि असलं काही रात्रीच घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांना सांगते... हे घडलं रविवारी, दुपारी चारला, आमच्या मागच्या खोलीत. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारीण कपडे वाळत घालत होती.

ह्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, पण जीव सगळा घरच्या बिनतारी सेटमध्ये. रीतसर परवाना काढून परमुलखातल्या लोकांशी बोलायचे. मी म्हणायचे, "समुद्रापलीकडच्यांना तास देता, मला दोन वाक्यं द्या." तर नुसते हसायचे.

आवाज आणखी लांब जावा म्हणून त्यांनी घरीच अँप्लिफायर बांधायला घेतला. पत्र्याची पेटी, पेल्याएवढे दोन काचेचे व्हॉल्व्ह, आणि दोघांनाही न उचलता येणारा ट्रान्सफॉर्मर.

तो अर्धा असतानाच गेले. त्याच्यासमोरच, खुर्चीत.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या. उत्तर नाही. वाटलं, नेहमीचंच. "प्या मग गार," म्हटलं आणि माझा कप संपवला. कपबशी विसळली. मग बघायला गेले...

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी कळलं असतं तर...

माझी हाक त्यांना ऐकू आली होती का?

वर्षभर हा एकच प्रश्न उराशी घेऊन बसले होते. ऐकू आली असेल तर त्यांना वाटलं असेल, आता ही येईल. आणि मी चहा पीत होते.

मी त्या खोलीत पाय टाकणं सोडलं. लेकीने मात्र ती खोली धरली. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काम, आणि रविवार उजाडला की बापाचा जुना, कमरेशी खिसे असलेला शर्ट अंगात घालून पेटीपाशी. मी म्हटलं, "भंगारवाल्याला बोलावते."

"एक स्क्रू जरी हलवलास ना आई, तर बघ."

तोंड माझंच. कोणाला बोलणार?

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. त्या पेटीत दोन हजार व्होल्ट असतात. बटण बंद केलं, पिन काढली, तरी आतल्या कंडेन्सरांत वीज दबा धरून बसते. ती हळूहळू जिरवायला एक रेझिस्टन्स असतो. पण ह्यांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. त्यांनी एक काठी केली होती. टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला जाड तार, तार जमिनीत, म्हणजे उरलेली वीज फाडकन जमिनीत उतरते. काठी आत टेकवायची, तिथेच टांगून ठेवायची, मगच उजवा हात आत घालायचा. आणि डावा हात खिशात. म्हणजे चुकून झटका बसला तरी तो छातीतून जात नाही. लेकीकडून त्यांनी हे शंभरदा घोकून घेतलं होतं.

त्या रविवारी व्हॉल्व्ह पहिल्यांदा पेटले. लेकीने मला दारापर्यंत ओढत नेलं. निखाऱ्यासारखे लालसर दिसत होते. छान होते, खोटं कशाला बोलू. मी उंबऱ्यावरूनच बघितलं आणि परत फिरले.

थोड्या वेळाने जळका वास आला.

"आई, काही नाही गं. बंद केलंय, पिनही काढलीय."

जळाला होता तो वीज जिरवणारा रेझिस्टन्सच. आत किती वीज आहे ते दाखवणारा मीटरचा काटा त्याच्यावरूनच चालायचा, म्हणून तोही शून्यावर. पोरीला वाटलं, पेटी रिकामी आहे.

मग तिचा आवाज आला. रडवेला.

"आई... आत बाबांचं अक्षर आहे. पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय."

आणि सगळं शिकलेली माझी पोर काठी विसरली. अक्षरावर आलेली तार दोन्ही हातांनी बाजूला करायला वाकली.

मी स्वयंपाकघरात होते. नळ चालू होता.

तेवढ्यात मागच्या खोलीत कोणीतरी खाकरलं...

पस्तीस वर्षं ऐकलेलं खाकरणं. मी नळ बंद केला.

मग खुर्ची सरकली...

मग काहीच नाही. शेजारणीच्या बांगड्यासुद्धा वाजेनात.

आणि फाडकन आवाज झाला.

मी धावले. वर्षभराने त्या खोलीत पाय पडला तो असा.

लेक भिंतीला टेकून उभी होती. पांढरीफटक. पण उभी. काठी पेटीत टांगलेली, अजून हलत होती. आकड्याचं टोक काळं पडलं होतं.

"आई, तू मला मागे का ओढलंस?"

"मी आत्ता येतेय, बाळा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बघितलं. तिचा डावा हात शर्टाच्या खिशात होता.

"मी नाही घातला," ती म्हणाली. "कोणीतरी घातला... आणि आत धरून ठेवला."

मी तिचं मनगट हातात घेतलं. त्याला सोल्डरिंगच्या राळेचा वास येत होता. त्या दिवशी तिने सोल्डरिंग केलंच नव्हतं.

संध्याकाळी ओळखीचा वायरमन येऊन बघून गेला. म्हणाला, "काकू, हात लागला असता तर पोर वाचली नसती. काठी वेळेवर टाकली कोणी?"

काठी समोरच्या भिंतीवर खिळ्याला होती. पेटीपाशी वाकलेल्या लेकीचा हात तिथवर पोचत नाही.

आतलं अक्षर मी टॉर्च लावून वाचलं. 'इथे भोक पाडू नये.' एवढंच.

लेक म्हणते, अँप्लिफायर पुरा करणार. मी म्हटलं कर, पण मी शेजारी बसेन. बसते. पाठीमागे जरा काही वाजलं की मान वळते माझी, अजून.

त्या रात्री मात्र तिला झोपवून मी एकटीच आत गेले होते. त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिले. एकच हाक मारली, नेहमीसारखी.

थांबले.

खुर्ची हलली नाही. कोणी खाकरलं नाही.

मग म्हटलं, "पोरीने हाकसुद्धा मारली नव्हती, तरी धावलात. बरं केलंत. बाप म्हणून तुम्हाला नाव ठेवायला जागा नाही. नवऱ्याचं मी काही बोलत नाही."