खरखरीतला समुद्र

रेवतीआत्याच्या प्रवाळबागेत सगळं होतं, फक्त मासे नव्हते.

प्रवाळ म्हणजे समुद्राच्या तळाशी वसाहत करून राहणारे बारीक जीव. त्यांच्या चुनखडीच्या घरांचे मोठमोठे खडक बनतात आणि त्या खडकांच्या आधाराने हजारो जीव जगतात. मालवणजवळचा असाच एक खडक पाणी तापल्यामुळे पांढरा पडून मेला होता. आत्या समुद्रजीवशास्त्रज्ञ. तिने तिथे लोखंडी चौकटी उतरवल्या आणि त्यांवर जिवंत प्रवाळाचे तुकडे बांधले. तुकडे छान वाढले, पण मासे काही येईनात. मासे नसले की प्रवाळावर शेवाळ माजतं आणि त्याखाली प्रवाळ गुदमरतो. आत्याचं संशोधन केंद्र हा हंगाम संपला की काम थांबवणार होतं. ती घरी आली की गपचूप जेवायची आणि कुणी काही विचारलं तर उगाच खेकसायची. मला तिची फार कणव यायची, पण तसं म्हटलं असतं तर मलाच ओरडा बसला असता.

घरात दुसरंही एक दुःख होतं, ते आजोबांचं. पण ते त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

माझे आजोबा, म्हणजे यशवंत तांडेल, कॉलेजात असताना रॉक बँडमध्ये गिटार वाजवत. ‘बुडता किनारा’ हा त्यांचा एकुलता एक अल्बम. प्रोग्रेसिव्ह रॉक (म्हणजे लांबलचक गाणी, मध्येच बदलणारे ताल आणि मन लावून ऐकायची सवय नसलेल्यांची पंचाईत) अशा प्रकारचं ते संगीत. शिवाय तो कन्सेप्ट अल्बम होता (सगळी गाणी मिळून एकच गोष्ट सांगणारा संच). गोष्ट होती एका प्रवाळखडकाची, तो जन्मतो तिथपासून मरतो तिथपर्यंत. तेव्हा आपल्याकडचे खडक जिवंत होते. मरणाचा भाग पोरांनी नुसता कल्पनेने रचला होता.

गाण्यांत खरा समुद्र हवा, म्हणून आजोबांनी स्वतः हायड्रोफोन (पाण्याखालचा माईक) बनवला. साधा माईक सायकलच्या ट्यूबमध्ये घातला, आत एरंडेल भरलं आणि दोन्ही तोंडं आवळून बांधली. होडीतून तो एका खडकावर सोडला. रेकॉर्डिंग झालं, पण त्यात सतत खरखर आली. रेकॉर्ड कंपनीवाले म्हणाले, “माल खराब आहे.” पुन्हा रेकॉर्ड करायची ऐपत कुणाची नव्हती. आजोबांच्या माईकवर खापर फुटलं आणि बँड मोडला. ड्रम वाजवणारे बाबल आजोबा माझ्या आजोबांचे जिवलग, पण त्यानंतर दोघांत ती गोडी राहिली नाही. बाबल आजोबा गेले, तेव्हाही ही अढी मनात तशीच होती.

आता आजोबांचे कान मंद होत चालले होते. पार बंद होण्याआधी अल्बम एकदा स्वच्छ ऐकायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून बाबांनी ध्वनिसंग्रहालयातून ‘नितळ’ला आणलं. नितळ हा जुने आवाज दुरुस्त करणारा यंत्रमानव. अल्बमच्या एकमेव टेपच्या रिळावरचा थर इतका सुटत होता, की ते एकदाच वाजवता आलं. त्यानंतर हातात उरली ती काळी भुकटी. सगळा आवाज आता फक्त नितळच्या पोटात होता.

“मी दोन वाटे केले आहेत,” नितळ म्हणाला. “एकात गाणी, दुसऱ्यात खरखर. खरखर ठेवू की पुसू?”

“पुसून टाक ती,” आजोबा म्हणाले. “त्या खरखरीन आमच्या गाण्यांची माती केल्यान.”

“थांबा ना!” मी म्हटलं. “एकदा ऐकू तरी दे.”

“काय ऐकतलंस गो त्यात?” आजोबा चिडले. पण नातीपुढे त्यांचं फार चालत नाही.

मी हेडफोन लावला. आधी नुसतीच तडतड ऐकू आली, तेलात मोहरी तडतडते ना, तशी. मग मला एक गोष्ट खटकली. तडतड कधी वाढत होती, कधी कमी होत होती.

“नितळ, खराब माईकची खरखर अशी कमीजास्त होते का?”

“सहसा नाही. ती बरीचशी एकसारखी असते. हिच्यात प्रत्येक टिचकी वेगळी आहे. आणि गिटार-ड्रमच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगमध्ये ही मुळीच नाही. फक्त समुद्राच्या भागात आहे.”

“आजोबा, समुद्र कुठल्या कुठल्या वेळी रेकॉर्ड केलात?”

“दुपारी केलो आणि तिन्हीसांजेक केलो. कित्या?”

“तिन्हीसांजेच्या भागात ती सर्वांत मोठी आहे,” नितळ म्हणाला.

माईक बिघडलेला असता, तर त्याला दुपार काय आणि संध्याकाळ काय! मी धावत जाऊन आत्याला ओढून आणलं. तिने कुरकुरत हेडफोन लावला आणि आवाज वाढवला.

“बाबा, ह्या खंय रेकॉर्ड केलात तुमी?”

“तुझ्याच त्या मेलेल्या खडकार. तेव्हा जिवंत होतो तो.”

आत्याने मला जवळ घेतलं. “ही कोळंबी आहे. बोटाच्या पेराएवढी, एक नांगी मोठी. ती नांगी इतक्या जोरात मिटते, की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि लगेच फुटतो. त्या फुटण्याचा हा आवाज. अशा हजारो कोळंब्या आहेत यात. बाबा, तुमचा माईक चांगला होता. खडकच बोलत होता.”

आजोबा हातातला चष्मा नुसता पुसत राहिले.

आत्या मात्र उठून येरझाऱ्या घालू लागली. “माशांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की उघड्या समुद्रात वाहत जातात. मोठी झाली की घर शोधत परततात. पाण्यात लांबचं दिसत नाही, पण आवाज दूरवर जातो. दशावतारी नाटकातला मृदंग ऐकून आपण काळोखातही देवळाकडे बरोबर वळतो ना? तशी ती खडकाच्या आवाजाकडे वळतात. आणि माझी बाग मुकी आहे! अशा मुक्या खडकांवर आवाज सोडल्याचे प्रयोग मी वाचले होते. पण या खडकाचा जुना आवाज कुणाकडेच नव्हता.”

“पुसून टाकूक सांगत होतंय मी,” आजोबा हळूच म्हणाले.

आठवड्याभरात एका चौकटीवर नितळकडची खरखर वाजवणारा पाण्याखालचा स्पीकर बसला. दूरच्या दुसऱ्या चौकटीवर अगदी तसाच, पण मुका स्पीकर बसवला. नाहीतर मासे आवाजाला आले की नुसत्या डब्याला, हे कसं कळणार? आजोबांनी भीत भीत विचारलं, “एखादा गाणा पण लावूया काय?”

“नको बाबा. तुमच्या गिटारीन येतले ते मासे पळतले,” आत्या म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

सुरुवातीला काहीच घडलं नाही. आत्याचं हसू पुन्हा मावळलं. मग एका सकाळी पाण्याखालच्या कॅमेऱ्यात नखाएवढी पिल्लं दिसली, बोलक्या चौकटीभोवती पुष्कळ आणि मुक्या चौकटीपाशी तुरळक. ती शेवाळ खुडू लागली. केंद्राने काम पुढे चालू ठेवलं.

पुढच्या हंगामात आम्ही तिघं आणि नितळ होडीतून तिथे गेलो. आत्याने नवा हायड्रोफोन पाण्यात सोडला आणि स्पीकर बंद केला. नितळने आवाज आजोबांच्या कानांना झेपेल एवढा मोठा केला. आजोबा हेडफोन लावून डोळे मिटून बसले होते. बराच वेळ ते तसेच बसले आणि मला वाटलं, काही ऐकूच येत नसावं.

“बंद केलंस मा?” त्यांनी विचारलं.

“केलंय, बाबा.”

“मगे ही तडतड कोणाची?”

आत्याने हेडफोन हिसकावून कानाला लावला आणि लहान मुलीसारखी रडू लागली. बागेत कोळंबी राहायला आली होती. आजोबांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “बाबल्यान ह्या ऐकूक व्हया होता गो,” ते म्हणाले. मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

मग त्यांनी चेहरा पुसला.

“तो स्पीकर आता वर काढ, रेवती. पुढच्या मेलेल्या खडकार ने. हय तेंचा गाणा तेंका वाजवूक दी.”