रिकाम्या वस्तीची शांतता

कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या गावाला संगीत द्यायचं काम तसं सुखाचं. लढून, पडून, दमून खेळाडू त्या गावात येतो, तलवार बाजूला ठेवतो आणि त्याला वाटलं पाहिजे की आता आपल्या अंगावर कुणी धावून येणार नाही. बस्स, एवढंच. अशी गावं मी बरीच केली आहेत. पण या वेळी खेळाच्या दिग्दर्शक बाई हटून बसल्या होत्या. वाद्यं कमी हवीत, निसर्गाचे खरे आवाज जास्त हवेत, आणि तेही सगळे एकाच जागचे. "एका गावाची हवा एकच असते," बाई म्हणाल्या. मलाही ते पटलं.

आवाज टिपायला ताईला बरोबर घेतलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी लहान होतो, तिनेच मला वाढवलं, आणि रेकॉर्डिंगही तिनेच शिकवलं. अजून चारचौघांत मला गाढव म्हणायची. पण तिचे कान जात चालले होते. उरलंसुरलं ऐकू येणंही वर्षभरात जाईल, असं कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं. हे तिचं शेवटचं काम, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं आणि दोघंही तो विषय टाळत होतो.

तळ्याकाठी लाकूड कापणाऱ्या कामगारांची एक वस्ती होती. कारखाना बंद पडल्यावर माणसं निघून गेली, घरं तेवढी राहिली. आम्ही पोहोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं, भीती वाटावी असं काही नव्हतं. ओल्या भुश्शाचा वास मात्र अजून होता. इतक्या वर्षांनी तो कसा राहिला, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. फळकुटांच्या धक्क्याखाली डुचमळणारं पाणी, गंजलेली बिजागरी, पत्र्यावर गळणारी वाळकी पानं, सगळं मनासारखं मिळालं.

ताईचा एक शिरस्ता होता. निघण्यापूर्वी त्या जागेची नुसती शांतता टिपून घ्यायची. कुणी हलायचं नाही, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. ही शांतता संगीताखाली अंथरली की तुकड्यातुकड्यांनी जोडलेले आवाज एका जागचे वाटतात. ताई हेडफोन लावून वाटेच्या मधोमध उभी राहिली, मी एका घराच्या पायरीवर बसलो. काम संपलं तेव्हा ती हसत होती.

"कोण बोलत होतं रे?"

"आपण दोघंच तर आहोत, ताई."

"मग माझ्याच कानांत असेल. डॉक्टर म्हणालेच होते, जाता जाता कान असले चाळे करतात."

महिन्याभरात संगीत तयार झालं. बाईंचा फोन आला. त्या भलत्याच खूश होत्या.

"माणसांची कुजबुज काय सुरेख घातलीस रे! खेळून बघणारी आमची पोरं गावातून बाहेर पडायला तयार नाहीत."

मी माणसं घातलीच नव्हती. फोन ठेवून मी काम उघडून बघितलं आणि कपाळावर हात मारला. रेकॉर्डिंगमधली घरघर गाळून काढताना आम्हाला एक सोय असते. गाळून काढलेला कचरा तेवढा वेगळा ऐकता येतो, म्हणजे त्यात कामाचं काही गेलं नाही ना, ते कळतं. पडद्यावरच्या एका चौकोनात खूण करायची, कचरा ऐकायचा आणि खूण काढून मगच जतन करायचं. ती खूण काढायला मी विसरलो होतो. स्वच्छ शांतता बाजूला राहिली होती आणि गावाखाली मी अंथरला होता तो कचरा.

मी तो कचरा तेवढाच लावून ऐकला. मला तर नुसती घरघर ऐकू आली. तेवढ्यात मागे ताई येऊन उभी राहिली. जिला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागायचं, ती ताई.

"आवाज वाढवू नकोस. नीट ऐकू येतंय."

"काय ऐकू येतंय?"

"बोलतायत की... आल्यागेल्याची चौकशी करतायत. कोण आलंय, राहणार का..." तिचे डोळे भरून आले. "किती दिवसांनी मला कान न ताणता ऐकू येतंय रे!"

तिच्या हातून ते काढून घ्यायचा धीर मला झाला नाही. ती दिवसदिवसभर हेडफोन लावून बसू लागली. जेवायला हाक मारली तरी वळून बघेना. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि बुचकळ्यात पडले. जे वर्षभरात जायचं, ते काही आठवड्यांतच गेलं होतं. दोन्ही कानांत काही उरलं नव्हतं. आमचं बोलणं ती आता ओठांवरून ओळखायची.

ताई अंघोळीला गेल्याचं बघून मी तो कचरा, मूळ रेकॉर्डिंग आणि सगळ्या प्रती पुसून टाकल्या. बाईंची माफी मागितली आणि स्वच्छ शांतता तेवढी पाठवून दिली. खोटं कशाला सांगू, चोरी केल्यासारखं वाटत होतं.

ताई आली. तिने हेडफोन लावले, क्षणभर थांबली. मला वाटलं, आता आकांत करील. तिने ते शांतपणे उतरवले, वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिले.

"राहू दे. याची गरज नव्हतीच."

"अजून... ऐकू येतंय?"

तिने मान डोलावली आणि माझं मनगट घट्ट धरलं. इतकं घट्ट की दुखलं.

"हळू बोल... सारखं तुझंच विचारतायत. पायरीवर बसला होता तो कोण, म्हणतात. नाव काय त्याचं... मी नाही सांगितलं. जीव गेला तरी नाही सांगायची."

त्यानंतर तिने मला नावाने हाक मारली नाही. काही हवं असलं की नुसती टाळी वाजवायची. ती माझ्यासाठी कुणाशी तरी भांडते आहे, एवढं मला कळत होतं. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि मला काहीही करता येत नव्हतं.

आज सकाळी मी तिचा चहा घेऊन खोलीत गेलो. ती खिडकीपाशी उन्हात बसली होती. चेहरा निवांत दिसला म्हणून मला जरा बरं वाटलं. तिने कप घेतला, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग मागून कुणी काही सांगत असावं तशी मान किंचित मागे कलती केली.

आणि मग, परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने, माझ्या ताईने मला विचारलं,

"नाव काय म्हणालात आपलं?"