वीतभर बाजूला

मार्च अर्धा सरला होता. रात्र कडक गोठायची, दिवस वितळायचा, आणि आमच्या डोंगरउतारावरच्या मेपलच्या राईला गोड रसाचा पाझर फुटायचा. मी थोरल्या झाडाला गिरमिटाने भोक पाडत होते. दक्षिणेच्या अंगाला, छातीच्या उंचीवर. दरवर्षी तिथेच पाडायचे. ऊन आधी तिथे येतं, पायाखालचा बर्फही तिथे दबलेला असतो, हात आपोआप तिकडेच जातो.

गिरमिटाबरोबर बाहेर आला तो तपकिरी भुसा.

"तिथे थेंब मिळायचा नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "ते लाकूड केव्हाच मेलंय."

मी वळले. लोकरीच्या टोपीतून निसटलेल्या जवसाच्या रंगाच्या बटा, पापण्यांवर हिमाचे कण, आणि ओठांवर हसू... येऊ की नको, असं अडखळलेलं.

"तुम्ही कोण?"

"ऑरिन. रस गोळा करायला तुमच्या आत्यांनी हंगामापुरतं ठेवलंय मला."

"मग रस गोळा करा. भोकं मी पाडते."

"दिसतंय ते," तो म्हणाला. "सगळी एकाच बाजूला."

मला राग आला. पण मी खोडाकडे पाहिलं. जुन्या भोकांचे व्रण सदऱ्याच्या गुंड्यांसारखे एकाखाली एक बसले होते. बाबा गेल्यापासूनचे सगळे माझ्याच हातचे.

ऑरिनने हातमोजा काढला. उघडा तळवा सालीवर टेकवून तो झाडाभोवती फिरू लागला, तापलेल्या लेकराचं अंग चाचपावं तसा. उत्तरेला गुडघाभर बर्फ होता. त्यात तो रुतला, वाकला, थांबला. "इथे. जुन्या व्रणापासून वीतभर बाजूला, जरा वर."

या खेपेला लोण्यासारखा पांढरा भुसा पडला. त्याने तोटी ठोकली, डबा टांगला. तोटीच्या ओठावर एक थेंब जमला, उन्हात लखलखला... टप्. तो त्या थेंबाकडे असा पाहत होता, जणू जगातला पहिलाच. मी त्याच्याकडे पाहत होते.

मग चालता चालता त्याने सांगितलं. भोक वरून भरून येतं, पण आतलं लाकूड जन्मभर मेलेलंच राहतं. झाड रागावत नाही, त्याच्याभोवती नवं लाकूड वाढवत राहतं. मात्र दरसाल त्याच जागी टोचत राहिलं, तर एका वसंतात शेंड्याला पालवी फुटत नाही.

"झाडांचा एवढा कळवळा," मी टोमणा मारला, "मग स्वतःची राई सोडून आमच्याकडे कसे?"

"होती," तो म्हणाला. "बाबांनाही सोयीची बाजू आवडायची." एवढंच. पुढे कळलं, की त्याच्या हाती गिरमीट येईतो ती राई सरपणाच्या भावाने गेली होती. तेव्हापासून तो लोकांच्या राया सांभाळायचा, आणि कळ्या लाल झाल्या, की पिशवी उचलून निघून जायचा. कळी लाल झाली की रसाची चव बिघडते, हंगाम संपतो.

त्याच्यामागून डबे ओतत फिरताना मला त्याची सवय लागली. कितीही घाई असो, ऑरिन प्रत्येक झाडाला हात लावल्याशिवाय गिरमीट लावायचा नाही. कोवळ्या झाडांजवळून नुसताच जायचा. "याला मोठं होऊ दे," म्हणायचा. असा धीर मी कुणा माणसात पाहिला नव्हता. माझ्यात तर नाहीच.

आमच्या गुऱ्हाळात प्रूआत्या रस आटवायची. वाफेत तिचा चेहरा दिसायचा नाही, गुणगुणणं तेवढं ऐकू यायचं :

रात्र गोठली गं बाई, दीस पाझरला,
झाडाचा गं जीव माझ्या डब्यात उतरला...

एका दुपारी तिने ताज्या बर्फावर गरम पाक ओतला. त्याच्या चिवट तारा काडीला गुंडाळून आम्ही खाल्ल्या, मध्येमध्ये खारवलेली आंबट काकडी चावत.

"गोडावर आंबट कशाला?" मी त्याला छेडलं. "गोड सोसत नाही वाटतं?"

"आंबट खाल्लं, की पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा गोड लागतो," ऑरिन म्हणाला. "तुम्ही पहिल्या दिवशी रागावलात ना... तसंच."

मी लाजले, आणि सगळा दोष भट्टीच्या धगीवर ढकलला.

मग तो जरा खाकरला. वादळात झाडं पडून आमच्या राईत मोकळी जागा झाली होती. वाटेच्या कडेला मेपलची रोपं आपोआप उगवली आहेत, ती तिथे लावू या का, असं त्याने विचारलं. रोपं लावली, तर ती जगेपर्यंत कुणीतरी राहायला हवं...

त्याला काय म्हणायचं होतं, ते मला कळलं. आणि तोंडातून नेहमीचंच निघालं, "पुढच्या वर्षी बघू."

आत्या वाफेतून म्हणाली, "लग्न लावायला पाद्री दारात उभा राहिला, तरी ही पोरगी हेच म्हणेल."

ऑरिन हसला नाही. "पुढच्या वर्षी मी कुठल्या राईत असेन, कोण जाणे."

थोड्याच दिवसांनी आत्या वाफ हुंगून म्हणाली, "कळीचा वास लागला. संपलं." बाहेर फांद्यांची टोकं लाल झाली होती. ऑरिनने डबे धुऊन उपडे घातले, पिशवी बांधली, आत्याचा निरोप घेतला. थोरल्या झाडापाशी थांबून त्याने सालीवर तळवा टेकवला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

मी दारात उभी. माझ्याही मनाला एक सोयीची बाजू होती. गुऱ्हाळाचं गळतं छप्पर, राईतली मोकळी जागा, आवडलेला माणूस... सगळं मी तिथेच 'पुढच्या वर्षी' म्हणून टोचत आले होते. आता तिथे काही पाझरत नव्हतं.

मी फावडं उचललं आणि चिखल तुडवत धावले. वाटेच्या कडेचं एक रोप मुळांवरच्या मातीसकट काढलं, मोकळ्या जागेत खड्डा खणू लागले. तो वाटेवर थबकला.

"काय चाललंय?"

"दिसत नाही? धरायला ये. एकटीला सरळ उभं करता येत नाहीये."

तो जागचा हलला नाही. "'ये' म्हणालीस."

"म्हणाले." धाप लागली होती. "हे रस कधी देईल?"

"चाळीसेक वर्षांनी."

"तेव्हा भोक कुठे पाडायचं, ते सांगायला कुणी नको? माझा हात पुन्हा दक्षिणेलाच जाईल. तर... तेव्हा तू इथे हवास. मधल्या वर्षांतही."

पिशवी चिखलात पडली. तो समोर गुडघ्यांवर बसला, रोप धरलं. मी माती लोटली. मातीत आमची बोटं एकमेकांत अडकली, आणि सोडवायची घाई कुणालाच नव्हती.

"आधी ते रोप सरळ धरा," गुऱ्हाळाच्या दारातून आत्या ओरडली. "डावीकडे कललंय."

आम्ही ते सरळ केलं. मग ऑरिनने चिखलाचा हात सदऱ्याला पुसला, आणि माझ्या गालावरून तळवा फिरवत नेला. सावकाश, जागा शोधावी तसा. कानाजवळ, केसांच्या कडेला तो थांबला.

"इथे," तो कुजबुजला, आणि ओठ टेकवले.